पेशीला ‘आता विभाग’ असं सांगतं कोण?

रामबागी
सोमवार, रात्री १०:१२

गेले चार दिवस आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तीन काचेचे पेले मांडलेत. प्रत्येकावर एकेक कांदा, बूड पाण्याला टेकेल न टेकेल असा. भाची बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजात पेशीविभाजनाचं प्रॅक्टिकल झालं तेव्हा वीस जणांत एक मायक्रोस्कोप, आणि हिची पाळी येईतो स्लाइड वाळून कोरडीठाक झालेली. माझ्या मित्राची इथे पॅथॉलॉजी लॅब आहे. म्हटलं चल, आपण तिथे करू.

काल सकाळी मुळांची टोकं कापली, ॲसिडात मऊ केली, ॲसिटोकार्माइन हा लाल रंग घातला, कव्हरस्लिप ठेवून वरून अंगठ्याने दाबलं. पहिल्या दोन स्लाइडींचा चिवडा झाला. तिसरी जमली. भाचीने शंभर पेशी मोजल्या, तर नव्वदच्या वर नुसत्या स्वस्थ बसलेल्या. बाकीच्या विभाजनाच्या ओळीने येणाऱ्या अवस्थांत: प्रोफेजच्या चार-पाच, मेटाफेजच्या दोन, ॲनाफेजची कशीबशी एक.

परत येताना स्कूटरवर मागून विचारते, “मामा, प्रोफेजनंतर मेटाफेज हे पाठ आहे. पण पेशीला कळतं कसं, की आता पुढे जायचं?”

मी इथूनच १९८६ साली बीएस्सी झालो. आमच्या नोट्समध्ये प्रत्येक अवस्थेची आकृती होती, रंगीत पेन्सिलीने काढलेली. ‘कळतं कसं’ याबद्दल एक ओळ नव्हती. रात्री जालावर शोधलं. सीडीके नावाचं एन्झाइम आणि सायक्लिन नावाचं प्रथिन, एवढं सापडलं. पण तीन गोष्टी डोक्यात शिरत नाहीत. सीडीके पेशीत कायम असतं म्हणतात, मग कायम काम का करत नाही? सायक्लिन हळूहळू साठतं, मग विभाजन एकदम धाडकन का सुरू होतं? आणि सुरू झालेलं थांबवतं कोण? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कांदेपोहे
सोमवार, रात्री १०:३१

भिया, शीर्षक वाचून घाबरलो. आमच्या इंदुरात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. म्हटलं तारखेलाच आता ‘विभाग’ म्हणणारं कोण निघालं! शाळेत हिंदीत ‘कोशिका’, घरी आईच्या मराठी पुस्तकात ‘पेशी’, आणि काकांच्या जमिनीच्या खटल्याची पेशी दर महिन्याला पुढे. ती मात्र कुठल्याही एन्झाइमने हलली नाही.

बाकी चालू द्या. वाचतोय.

निवृत्त_मास्तर
सोमवार, रात्री ११:०५

रामबागी, तुमच्या नोट्सचा दोष नाही. १९८६ साली हे सगळं शिजत होतं, ताटात आलं नव्हतं. मी ग्वाल्हेरला प्राणिशास्त्र शिकवायचो. पहिल्यांदा ‘सायक्लिन’ हा शब्द फळ्यावर लिहिला तो नव्वदच्या दशकात, आणि त्या दिवशी मलाच नीट कळलेला नव्हता.

पहिला प्रश्न घेऊ. सीडीके हे कायनेज जातीचं एन्झाइम. कायनेजचं काम एकच: एटीपी या पेशीच्या इंधनावरचा एक फॉस्फेट उचलायचा आणि दुसऱ्या प्रथिनावर चिकटवायचा. हा चिमुकला, ऋण भार असलेला गट चिकटला की त्या प्रथिनाचा आकार बदलतो, वागणूक बदलते. कुणी जागं होतं, कुणी झोपतं, कुणी जागा सोडून निघून जातं.

आता सीडीके एकटं असेल तर काम करत नाही, कारण त्याच्या तोंडाशीच त्याच्या साखळीचा एक पदर आडवा पडलेला असतो. सायक्लिन येऊन बाजूला बसलं की तो पदर सरकतो आणि तोंड उघडतं. आपल्याकडे जातं असायचं तसं समजा. जातं घरात बारा महिने, पण खुंटा ठोकल्याशिवाय फिरणार कसं? सीडीके म्हणजे जातं, सायक्लिन म्हणजे खुंटा. जात्याचं प्रमाण पेशीत जवळपास कायम असतं. खुंटा मात्र दर फेरीला नवा करायचा आणि काम झालं की जाळून टाकायचा.

सायक्लिन हे स्वतः एन्झाइम नाही, हे ध्यानात ठेवा. परीक्षेत मुलं हमखास तिथे चुकतात.

सयाजीबाग
मंगळवार, सकाळी ७:५०

मास्तर, खुंटा आवडला, पण थोडा तंटा करतो. खुंटा बदलला म्हणून जातं गहू सोडून डाळ दळत नाही. सायक्लिन बदललं की सीडीके नेमक्या कुठल्या प्रथिनांना हात लावणार तेही बदलतं. आपल्या पेशींत जी१मध्ये, म्हणजे डीएनएची नक्कल सुरू व्हायच्या आधीच्या टप्प्यात, सायक्लिन डी आणि सीडीके ४ व ६ची जोडी. मग सायक्लिन ई आणि सीडीके २. डीएनएची नक्कल चालू असताना सायक्लिन ए. आणि प्रत्यक्ष विभाजनाच्या दारात सायक्लिन बी आणि सीडीके १. त्यातही डीची गोष्ट न्यारी: ते घड्याळासारखं वरखाली होत नाही, बाहेरून ‘वाढ’ असा निरोप येत असेल तोवर बनत राहतं.

मी बडोद्याला यीस्टवर काम करणाऱ्या लॅबमध्ये होतो, म्हणून यीस्टची बाजू मांडतो. यातलं बरंचसं माणसाच्या पेशीत सापडलं नाही, खमिरात सापडलं. सिॲटलला लेलँड हार्टवेल यांनी १९७०च्या सुमाराला पावाच्या यीस्टचे असे म्युटंट, म्हणजे एखाद्या जनुकात बिघाड झालेले वाण, शोधले, जे २३ अंशांना मजेत वाढतात आणि ३६ला अडतात. हे यीस्ट कळी फोडून वाढतं, आणि कळी केवढी आहे त्यावरून पेशी कुठल्या टप्प्यावर आहे ते कळतं. साधी संस्कृती मायक्रोस्कोपखाली घातली तर छोटी कळी, मोठी कळी, बिनकळीचे, सगळी सरमिसळ. म्युटंटची बशी चार तास गरम खोलीत ठेवा आणि मग बघा: एकूणएक पेशींना तेवढीच कळी! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुणीतरी शिट्टी मारून सगळ्यांना ‘स्टॅच्यू’ केलंय असं वाटलं होतं. ज्या जनुकात बिघाड, त्या जनुकाच्या कामापाशी गाडी थांबलेली.

एडिंबरात पॉल नर्स दुसऱ्या यीस्टवर काम करत होते, मधोमध चिरून दोन होणाऱ्या. त्यांना अडणाऱ्या नव्हे, घाई करणाऱ्या पेशी मिळाल्या: पुरेसं वाढण्याआधीच विभागणाऱ्या, म्हणून आकाराने बुटक्या. स्कॉटिश बोलीत बारक्याला ‘वी’ म्हणतात, त्यावरून त्या जनुकाचं नाव वी१. पुढे १९८७मध्ये त्यांच्या गटाने माणसाचं सीडीके १चं जनुक काढून, तेच जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये घातलं आणि यीस्ट विभागायला लागलं. एक अब्ज वर्षांहून जास्त काळ वेगळे वाढलेले दोन जीव, आणि पुर्जा एकमेकांना बसतो. आमच्याकडे एकाच कंपनीच्या दोन पंपांचे वॉशर बसत नाहीत.

रामबागी
मंगळवार, सकाळी ९:२०

म्हणजे आम्ही बीएस्सीचे निकाल बघायला गेलो त्याच्या पुढच्याच वर्षी! वाचून कसंसंच झालं.

मास्तर, दुसरा प्रश्न राहिला. साठतं हळूहळू, फुटतं एकदम. का?

पुणेरी_पाटी
मंगळवार, सकाळी ९:४४

चर्चा उत्तम. फक्त ‘एन्झाइम’ला मराठीत ‘विकर’ हा शब्द आहे हे सुचवतो. ‘म्युटंट’ला ‘उत्परिवर्ती’. ‘संस्कृती’ हा शब्द यीस्टच्या बशीसाठी वापरलेला पाहून मात्र गंमत वाटली.

कांदेपोहे
मंगळवार, सकाळी ९:५२

पाटीसाहेब, खमिराला संस्कृती असतेच. सराफ्यात रात्री अकरानंतर या, जिलबीच्या घाण्यापाशी दाखवतो.

निवृत्त_मास्तर
मंगळवार, दुपारी ३:१५

दुपारची झोप मोडून लिहितोय.

तुम्ही इंदूरकर, तुम्हाला यशवंतसागर माहीत. पावसाळ्यात लोक तिथे सायफन सुरू झाले का ते बघायला जातात. तलाव इंच-इंच चढतो, काही होत नाही. मग एक पातळी येते आणि सायफन एकदम ओढायला लागतो. आणि गंमत ही, की पातळी जरा उतरली म्हणून तो लगेच बंद पडत नाही. पेशीचं अगदी तसंच आहे.

सायक्लिन बी साठत असतं, सीडीके १ला जाऊन चिकटतही असतं. पण ही जोडी बांधली गेली की सयाजीबागांच्या त्या वी१ जनुकावरून बनणारं एन्झाइम येऊन सीडीकेवरच एक फॉस्फेट चिकटवतं, पंधराव्या जागेवरच्या टायरोसीन या अमिनो आम्लावर. हा फॉस्फेट म्हणजे कुलूप. तोंड उघडलेलं, पण कुलूपबंद. अशा कुलूपबंद जोड्या पेशीत साठत जातात. कुलूप काढणारं दुसरं एन्झाइम असतं, सीडीसी२५, ते फॉस्फेट उपटून काढतं.

आता खरी मेख. थोड्याशा जोड्या मोकळ्या झाल्या की त्या स्वतःच सीडीसी२५वर फॉस्फेट लावतात आणि त्याला आणखी चेतवतात. त्याच वेळी वी१लाही फॉस्फेट लावतात, पण तो बिचारा त्याने थंडावतो. म्हणजे किल्लीवाल्याला चहा पाजायचा आणि कुलूपवाल्याला घरी पाठवायचं. त्यामुळे आणखी जोड्या मोकळ्या, त्या आणखी चहा पाजणार. हा झाला सायफन. अर्धवट विभाजन अशी स्थिती पेशीला परवडतच नाही, म्हणून ही योजना.

आणि मग हे मोकाट सुटलेलं सीडीके १ काय काय करतं? केंद्रकाच्या आवरणाला आतून लॅमिन नावाच्या प्रथिनांची जाळी असते. तिच्यावर फॉस्फेट चिकटवले की जाळी उसवते आणि आवरण विरघळल्यासारखं होतं. डीएनएच्या गुंडाळ्या घट्ट करणाऱ्या कंडेन्सिनला ते कामाला लावतं. तुमच्या भाचीला प्रोफेजमध्ये दिसलेली जाडसर गुणसूत्रं ती ही. आपण आकृतीत ‘केंद्रकपटल नाहीसे होते’ असं लिहून मोकळे व्हायचो. कोण नाहीसं करतं ते विचारायचं नाही!

अन्नपूर्णा_रोड
मंगळवार, संध्याकाळी ६:४०

मी इथे सहसा लिहीत नाही, विज्ञानाची विद्यार्थिनीही नाही. पण सीडीके ४ आणि ६ हे आकडे वाचून थबकले. माझ्या मोठ्या बहिणीला स्तनाचा कर्करोग आहे, पसरलेला. तिची गोळी याच नावाने ओळखली जाते, ‘सीडीके ४/६ इनहिबिटर’. एकवीस दिवस घ्यायची, सात दिवस बंद. दर वेळी रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. मागच्या महिन्यात त्यामुळेच गोळी एक आठवडा उशिरा सुरू केली आणि घरात सगळे हवालदिल. केमोसारखे केस मात्र गेले नाहीत. गोळी कर्करोगावर, मग पांढऱ्या पेशी का उतरतात, हे तिथे विचारलं तर “होतं असं” एवढंच उत्तर मिळालं.

निवृत्त_मास्तर
मंगळवार, रात्री ८:०२

ताई, मी डॉक्टर नाही, औषधाचं सगळं तुमच्या डॉक्टरांकडूनच. ही गोळी पेशीत काय करते तेवढं सांगू शकतो.

जी१मध्ये पेशीच्या दारावर आरबी नावाचं प्रथिन पहारा देतं. डीएनएची नक्कल करायला लागणारी जनुकं चालू करणारा ई२एफ नावाचा कारभारी त्याने धरून ठेवलेला असतो. सायक्लिन डी आणि सीडीके ४/६ची जोडी आरबीवर फॉस्फेट चिकटवते, त्याची पकड सुटते, कारभारी मोकळा होतो आणि पेशी पुढे सरकते. गोळी सीडीके ४/६च्या एटीपीच्या खोबणीतच जाऊन बसते. फॉस्फेट उचलायलाच जागा नाही, म्हणजे आरबीची पकड कायम, पेशी जी१मध्ये अडलेली. या जातीची पहिली गोळी, पाल्बोसिक्लिब, अमेरिकेत २०१५ साली मंजूर झाली.

पण हाडांच्या मगजात पांढऱ्या पेशींच्या ज्या मातृपेशी असतात, त्याही याच जोडीवर विभागतात. त्यांना गोळी कशी ओळखेल? त्याही अडतात, म्हणून आकडा उतरतो. फरक असा, की बऱ्याच जुन्या केमोत त्या मरतात, इथे बहुतेक नुसत्या थांबून राहतात. गोळी बंद असताना पुन्हा चालायला लागतात. ते सात दिवस त्यासाठीच.

अन्नपूर्णा_रोड
मंगळवार, रात्री ८:२०

मास्तर, हे मी ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे सात दिवस त्यांची सुट्टी.” बऱ्याच दिवसांनी हसली.

सयाजीबाग
बुधवार, सकाळी ८:१०

ताईंना नमस्कार सांगा.

एक राहून गेलं होतं. यीस्टच्या बातम्या यायच्या आधी, १९७०मध्ये, पोटू राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी दोन वेगवेगळ्या टप्प्यांतल्या मानवी पेशी एकमेकींत मिसळून एक केल्या. विभाजनात असलेली पेशी स्वस्थ बसलेल्या पेशीशी जोडली, तर स्वस्थ पेशीचं केंद्रकही वेळ नसताना गुंडाळ्या करायला लागलं. म्हणजे पहिलीच्या रसातच ‘चल’ म्हणणारं काहीतरी होतं. डीएनएची नक्कल करत असलेली पेशी जी१वालीशी जोडली, तर जी१वालीने लवकर नक्कल सुरू केली. पण जी२वालीशी, म्हणजे नक्कल उरकून विभाजनाची वाट बघणारीशी, जोडली तर तिने ढिम्म काही केलं नाही. एकदा नक्कल झाली ती झाली.

या शेवटच्या वाक्याचं उत्तर पुढे कित्येक वर्षांनी मिळालं, आणि मला तेच सगळ्यात सुंदर वाटतं. नक्कल सुरू करायच्या जागांवर परवाना लागतो, आणि तो फक्त सीडीकेचा जोर उतरलेला असतानाच बसतो. जोर चढला की परवाना वापरला जातो आणि नवा मिळायचं बंद. त्यामुळे एका फेरीत डीएनए एकदाच छापलं जातं. म्हणजे एन्झाइमचं गप्प बसणं हेसुद्धा कामच. पुस्तकांत सगळा भर ते ‘चालू’ होण्यावर असतो, हे मला पटत नाही.

रामबागी
बुधवार, रात्री ९:३५

मामाच्या खात्यावरून मी भाची लिहितेय. मास्तर सर, सयाजीबाग सर, नमस्कार.

काल पुन्हा लॅबमध्ये गेलो होतो. एक पेशी छान मिळाली, ॲनाफेजची. गुणसूत्रं दोन्ही टोकांकडे निघालेली, मागे वाकलेली, कुणी केस धरून ओढावेत तशी. शेजारच्याच पेशीत सगळी मधोमध रांगेत उभी. मी दोन्हींकडे आळीपाळीने बघत होते. इतक्या जवळजवळच्या पेशी, मग एक थांबलीय आणि दुसरी का निघाली? रांगेतली कशाची वाट बघत असते?

निवृत्त_मास्तर
बुधवार, रात्री १०:४८

बेटा, शेवटच्याची. रांगेत एक जरी गुणसूत्र दोन्ही बाजूंनी ओढणाऱ्या दोऱ्यांना नीट अडकलेलं नसेल, तरी ते मॅड२ नावाच्या प्रथिनाकरवी ‘थांबा’ असा निरोप देत राहतं. लग्नाच्या बसमध्ये एक आत्या यायची राहिली तरी बस हलत नाही, तसं. तो निरोप एपीसी नावाच्या मोठ्या एन्झाइमला अडवून धरतो.

शेवटचं गुणसूत्र अडकलं की निरोप बंद, एपीसी मोकळं. आणि त्याचं काम काय? नाशाच्या चिठ्ठ्या चिकटवणं. युबिक्विटिन नावाचं अवघ्या ७६ अमिनो आम्लांचं प्रथिन म्हणजे ती चिठ्ठी. चिठ्ठ्यांची माळ लागली की ते प्रथिन पेशीच्या चरकात जातं आणि त्याचे तुकडे होतात. पहिली चिठ्ठी लागते सेक्युरिनला. सेक्युरिनने सेपरेज नावाच्या कात्रीचं तोंड धरून ठेवलेलं असतं. सेक्युरिन गेलं, कात्री सुटली, जुळ्या गुणसूत्रांना बांधणारे कोहेसिनचे कडे कापले गेले. तुला दिसलेली वाकलेली गुणसूत्रं म्हणजे कात्री चालून गेल्यानंतरचा क्षण.

दुसरी चिठ्ठी सायक्लिन बीला. मामाच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच. खुंटा जळतो, जातं थांबतं, आणि फॉस्फेट पुसणारी एन्झाइमं सगळे शिक्के पुसत सुटतात. आवरण परत विणलं जातं, गुंडाळ्या सैल होतात. १९८२च्या उन्हाळ्यात टिम हंट यांनी अमेरिकेत वुड्स होल इथे समुद्री अर्चिनच्या अंड्यांत हेच पाहिलं. किरणोत्सारी खूण केलेली प्रथिनं, दर काही मिनिटांनी नमुना. नमुन्यात प्रत्येक प्रथिनाचा एक पट्टा दिसतो. बाकी पट्टे गडद होत जातात, एकच पट्टा, सायक्लिनचा, गडद होतो आणि अंडं दुभंगायच्या जरा आधी गायब. पुन्हा उगवतो, पुन्हा गायब. प्रथिन बनतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण पेशी ते मुद्दाम, वेळेवर, मोडते हे कुणी मनावर घेतलं नव्हतं. हार्टवेल, नर्स आणि हंट या तिघांना २००१चं नोबेल मिळालं.

तुझ्या आजीच्या परसात कळलावी असेल तर आठव. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं, विषारी, हात लावू नकोस. ते दोरेच बनू देत नाही. दोरे नाहीत म्हणजे गुणसूत्रं अडकणार कशाला? निरोप चालूच, चिठ्ठ्या बंद, सायक्लिन शाबूत, पेशी रांगेत उभी ती उभीच. गुणसूत्रं मोजायची असली की लॅबमध्ये म्हणूनच ते घालतात.

कांदेपोहे
बुधवार, रात्री ११:१०

तारीख पुढे ढकलण्याचं औषध सापडलं. काकांच्या वकिलाला नक्की माहीत असणार.

रामबागी
गुरुवार, सकाळी ८:०५

भाचीने वहीत कात्री काढलीय, खरीखुरी शिंप्याची, आणि तिच्या तोंडाला कुलूप. बाई काय म्हणतील कोण जाणे.

तीन कांद्यांपैकी एकाचं बूड सडलं, दुसरा बहिणीने रात्री भाजीत घातला. तिसऱ्याची मुळं उद्या सकाळी कापणार. मास्तर, लवकर उठून कापली तर विभागणाऱ्या पेशी जास्त मिळतात असं लॅबवाला म्हणतो. किती वाजता?

निवृत्त_मास्तर
गुरुवार, सकाळी ८:४०

कापायच्या वेळेवरून प्रत्येक कॉलेजात भांडणं आहेत. मी मुलांना दर तासाला दोन टोकं कापून वेगवेगळ्या बाटल्यांत टाकायला सांगायचो. सहा बाटल्या, नावं घालून. मग तिलाच मोजू दे.